प्रोसेसरला काय येतं ते आधी विचारा: मोबाइल ॲपमध्ये हार्डवेअर ओळखण्याची सुरुवात

फोटोला फिल्टर लावणारं, आवाजातला गोंगाट काढणारं किंवा छोटं मॉडेल फोनवरच चालवणारं ॲप तुम्ही बनवत असाल, तर त्यातला सगळ्यात जड भाग बहुधा सी किंवा सी++ मध्ये असतो. हे काम नव्या प्रोसेसरवर कितीतरी कमी फेऱ्यांत उरकतं, कारण त्यात जास्तीची इन्स्ट्रक्शन्स असतात. ती वापरली नाहीत तर फोनची ताकद वाया जाते आणि बॅटरी विनाकारण संपते. सरसकट वापरली तर ज्या फोनमध्ये ती नाहीत तिथे ॲप उघडता उघडताच बंद पडतं. म्हणून ॲपने चालू झाल्यावर आधी विचारायचं, "तुला काय काय येतं?" आणि उत्तर बघून योग्य कोड निवडायचा. हे कसं करायचं ते इथे पायरीपायरीने सांगतो. मुख्य भर अँड्रॉइडवर आहे, आयफोनबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

तुमचं ॲप निव्वळ कोटलिन किंवा जावामध्ये असेल तर इन्स्ट्रक्शन्सची चिंता तुमची नाही. अँड्रॉइडचा रनटाइम फोनवरच कोड कंपाइल करतो आणि ते करताना समोरचा प्रोसेसर लक्षात घेतो. तुम्ही थेट पाचव्या पायरीवर गेलात तरी चालेल.

पायरी १: आधी मोजा

कोणतं फंक्शन वेळ खातंय हे माहीत नसताना प्रोसेसर ओळखायला बसू नका. एनडीके म्हणजे अँड्रॉइडसाठी सी/सी++ कोड बांधायचा संच. त्याच्यासोबत सिंपलपर्फ नावाचं वेळ मोजायचं साधन येतं, ते खऱ्या फोनवर चालवा. बहुतेक वेळा एखाददुसरं फंक्शनच सगळा वेळ गिळत असतं. जे काही करायचं ते तेवढ्यापुरतंच.

मोजताना बिल्ड रिलीजचाच हवा. डिबग बिल्डमध्ये कंपायलर काहीच ऑप्टिमाइझ करत नाही, आणि हाताने लिहिलेली खास इन्स्ट्रक्शन्स तिथे साध्या लूपपेक्षाही हळू वाटू शकतात. शिवाय ऑप्टिमायझेशनच्या ओ२ किंवा ओ३ पातळीवर क्लँग कंपायलर साधे लूप स्वतःहून व्हेक्टर इन्स्ट्रक्शन्समध्ये, म्हणजे एका दमात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या इन्स्ट्रक्शन्समध्ये, बदलतो. तुम्ही जे हाताने करणार होतात ते त्याने आधीच केलेलं असेल, तर पुढचा खटाटोप वाचला.

पायरी २: एबीआय म्हणजे काय आणि त्यात काय गृहीत धरता येतं

एबीआय म्हणजे तुमची मूळ भाषेतली (सी किंवा सी++ मधली) लायब्ररी कोणत्या जातीच्या प्रोसेसरसाठी आणि कोणत्या करारावर बांधली आहे, ते सांगणारं नाव. एनडीकेमध्ये सध्या चार मुख्य एबीआय आहेत: आर्मईएबीआय-व्ही७ए, आर्म६४-व्ही८ए, एक्स८६ आणि एक्स८६_६४. मिप्स आणि जुना आर्मईएबीआय हे दोन्ही एनडीके आर१७ मध्ये काढून टाकले. ऑगस्ट २०१९ पासून गूगल प्लेवर मूळ कोड असलेल्या ॲपने ६४-बिट आवृत्ती देणं सक्तीचं आहे, त्यामुळे आर्म६४-व्ही८ए टाळता येत नाही.

प्रत्येक एबीआयसोबत किमान क्षमतांची हमी येते, आणि नवशिक्यांचा गोंधळ नेमका इथे होतो. आर्म६४-व्ही८ए मध्ये निऑन, म्हणजे आर्मच्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शन्सचा संच, असतंच असतं, कारण निऑन हा त्या एबीआयचाच भाग आहे. तिथे "निऑन आहे का?" असं विचारणं म्हणजे उगाच कोड वाढवणं. एक्स८६_६४ मध्ये एसएसई४.२ (तिथल्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शन्सचा संच) आणि पॉपकाउंट (चालू बिट मोजणारं इन्स्ट्रक्शन) गृहीत धरता येतात. साध्या एक्स८६ मध्ये एसएसएसई३ पर्यंतच.

३२-बिट आर्मची गोष्ट वेगळी. आर्मव्ही७ मध्ये निऑन ऐच्छिक होतं, आणि एनव्हिडियाच्या टेग्रा २ या एके काळी टॅबलेटांमध्ये गाजलेल्या चिपमध्ये ते नव्हतंच. त्यामुळे त्या काळचे सगळे धडे "निऑन आहे का ते तपासा" इथून सुरू होतात. आता एनडीके आर२१ पासून निऑन आपोआप चालू असतं आणि आर२४ पासून निऑन नसलेल्या फोनचा आधारच काढून घेतला आहे. तुमच्या हाती एखादा जुना धडा आला आणि त्याने पहिली दोन पानं निऑन तपासण्यात घालवली असतील, तर ती खुशाल ओलांडा.

फोन कोणते एबीआय चालवतो हे बिल्ड वर्गातल्या सपोर्टेड एबीआयज या यादीत मिळतं, पसंतीच्या क्रमाने. पण या यादीवरून प्रोसेसरबद्दल निष्कर्ष काढू नका. काही एक्स८६ यंत्रं भाषांतर करून आर्मचा कोडही चालवतात आणि यादीत दोन्ही नावं दाखवतात. तुमची लायब्ररी कोणत्या एबीआयसाठी बांधली आहे हे तिला कंपाइल होतानाच माहीत असतं, त्यासाठी चालताना विचारायची गरज नाही.

पायरी ३: कर्नलला विचारा

आता खरा प्रश्न: हमीच्या पलीकडे या फोनमध्ये काय आहे?

एक उदाहरण धरून चालू. समजा फोनवर आवाज ओळखणारं मॉडेल आहे, त्यातले आकडे ८-बिटचे आहेत, आणि सगळा वेळ दोन रांगांचे गुणाकार करून बेरीज घेण्यात जातो. यासाठी आर्मव्ही८.२ मध्ये एसडॉट नावाचं इन्स्ट्रक्शन ऐच्छिक म्हणून आलं. १२८-बिट रजिस्टरच्या चार ३२-बिट कप्प्यांपैकी प्रत्येकात ते चार ८-बिट गुणाकार करून बेरीज टाकतं, म्हणजे एका दमात १६ गुणाकार. कॉर्टेक्स-ए५५, ए७५, ए७६ यांत ते आहे. ए५३, ए७२, ए७३ यांत नाही. आणि हे सगळे आर्म६४-व्ही८ए या एकाच एबीआयचे प्रोसेसर! एबीआय इथे काहीच सांगत नाही, चालतानाच विचारावं लागतं.

विचारायचं गेटऑक्सव्हॅल या फंक्शनला. प्रोसेस सुरू होताना लिनक्स कर्नल तिच्या मेमरीत काही माहिती ठेवून देतो, त्यातच प्रोसेसरच्या क्षमता बिटांच्या रूपात असतात. गेटऑक्सव्हॅल ती नुसती वाचून देतं. फाइल उघडणं नाही, परवानगी नाही, वेळही जवळजवळ शून्य. अँड्रॉइडवर हे एपीआय पातळी (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा क्रमांक) १८ पासून आहे. त्याला एटी_एचडब्ल्यूकॅप दिलं की एक पूर्णांक मिळतो. त्यातला २० क्रमांकाचा बिट चालू असेल तर डॉट प्रॉडक्ट आहे. ८ क्रमांकाचा बिट अणुक्रियांच्या (ॲटॉमिक, म्हणजे मध्येच न तुटणाऱ्या क्रियांच्या) नव्या इन्स्ट्रक्शन्सचा, ७ चा सीआरसी३२ या चेकसमचा. नव्या क्षमता एटी_एचडब्ल्यूकॅप२ मध्ये आहेत; ८-बिट मॅट्रिक्स गुणाकाराचा आय८एमएम तिथे १३ व्या बिटावर बसतो. हे क्रमांक पाठ करायचे नाहीत. कर्नलच्या हेडरमध्ये त्यांना नावं आहेत, कोडमध्ये नावंच वापरा.

आकडा थेट लिहिलात तर काय होतं ते बघा. १२ क्रमांकाचा बिट ३२-बिट आर्म प्रोसेसमध्ये "निऑन आहे" असं सांगतो. ६४-बिट प्रोसेसमध्ये तोच बिट राउंडिंगसह गुणाकार-बेरीज करणाऱ्या वेगळ्याच इन्स्ट्रक्शन्सचा असतो. एकाच सोर्स फाइलमधून दोन्ही एबीआय बांधले आणि १२ हा आकडा तसाच ठेवला, तर कंपायलर ब्र काढणार नाही, आणि ६४-बिटमध्ये तुमची तपासणी भलतंच काही तपासत राहील.

नेटवर दुसरा एक मार्ग सर्रास दिसतो: प्रॉक फोल्डरमधली सीपीयूइन्फो ही फाइल उघडायची आणि तिच्यात "निऑन" हा शब्द शोधायचा. हा मार्ग घेऊ नका. ६४-बिट आर्मवर या फाइलमध्ये निऑन हा शब्दच नसतो, त्याच क्षमतेचं नाव तिथे एएसआयएमडी असं असतं. शब्द सापडला नाही म्हणून ॲप निमूटपणे हळू कोड निवडतं, क्रॅश होत नाही, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय जे कोअर त्या क्षणी बंद आहेत ते या फाइलमध्ये दिसत नाहीत, आणि एक्स८६ वर ओळीचं नावच वेगळं असतं. ही फाइल माणसाने वाचायला छान आहे. एडीबी शेलमधून (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायच्या साधनातून) ती बघा, त्यातल्या सीपीयू पार्टच्या ओळीवरून कोअर ओळखता येतो: डी०३ म्हणजे कॉर्टेक्स-ए५३, डी०५ म्हणजे ए५५, डी०बी म्हणजे ए७६. पण कोडने निर्णय तिच्यावर घेऊ नये.

फोनच्या किंवा चिपच्या नावावरून क्षमता ठरवणं तर त्याहून वाईट. एपीआय ३१ पासून चिपचं नाव मिळतं, आणि मग तक्ता बनवायचा मोह होतो. तो तक्ता पहिल्याच नव्या फोनवर अपुरा पडतो. शिवाय कोअरच्या माहितीपत्रकात एखादी क्षमता असली तरी कर्नलने ती चालू केलेली नसेल, तर तुमच्यासाठी ती नाहीच. शेवटचा शब्द कर्नलचा.

या नियमाला एक अपवाद मला माहीत आहे आणि तो सांगायलाच हवा. सॅमसंगच्या एक्सिनोस ९८१० या चिपमध्ये काही कोअर आर्मव्ही८.२ चे होते आणि काही आर्मव्ही८.० चे. गॅलेक्सी एस९ च्या सुरुवातीच्या अँड्रॉइड ८ मधला कर्नल सांगायचा की अणुक्रियांची नवी इन्स्ट्रक्शन्स आहेत, पण ती निम्म्याच कोअरना येत होती. थ्रेड दुसऱ्या कोअरवर गेला की संपलं. अँड्रॉइड ९ मध्ये ते दुरुस्त झालं. एलएलव्हीएमच्या, म्हणजे क्लँग ज्याचा भाग आहे त्या प्रकल्पाच्या, लायब्ररीत या एका चिपसाठी खास तपासणी घातलेली आहे. कर्नलने सगळ्या कोअरना जे येतं तेवढंच सांगायचं असतं, आणि तो तसं सांगतोही. म्हणूनच हा अपवाद लक्षात राहण्यासारखा आहे.

बिट हाताळायचा कंटाळा असेल तर गूगलची सीपीयू_फीचर्स ही मुक्त लायब्ररी घ्या. एनडीकेसोबत येणारी जुनी सीपीयूफीचर्स मात्र नव्या प्रकल्पात नको. नावं सारखी आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पायरी ४: वेगळी फाइल, वेगळे फ्लॅग, एक पॉइंटर

माहिती हाती आली. आता फंक्शनच्या दोन आवृत्त्या लिहा: एक साध्या निऑनची, जी प्रत्येक ६४-बिट आर्म फोनवर चालेल, आणि एक एसडॉटवाली. दोन्ही वेगवेगळ्या सोर्स फाइलमध्ये ठेवा. एसडॉटच्या फाइललाच तेवढा आर्मव्ही८.२ अधिक डॉटप्रॉड हा फ्लॅग द्या. सीमेक या बिल्ड साधनात एका फाइलपुरते पर्याय देता येतात. हा फ्लॅग अख्ख्या प्रकल्पाला लावलात तर कंपायलर कुठेही नवी इन्स्ट्रक्शन्स पेरेल आणि तुमची तपासणी येण्याआधीच ॲप पडेल.

मग एक फंक्शन पॉइंटर ठेवा. लायब्ररी लोड होताना एकदाच गेटऑक्सव्हॅलला विचारा, बिट चालू असेल तर पॉइंटर एसडॉटवाल्या आवृत्तीकडे वळवा, नाहीतर साध्या आवृत्तीकडेच राहू द्या. पुढे सगळीकडून पॉइंटरमार्फतच हाक मारा. पॉइंटरमार्फत हाक मारली की कंपायलर ते फंक्शन इनलाइन करू शकत नाही, म्हणून कामाचा तुकडा मोठा हवा. एका पिक्सेलसाठी नव्हे, पूर्ण ओळीसाठी किंवा पूर्ण मॅट्रिक्ससाठी एक हाक.

इतकं नीट करूनही एक सापळा उरतो, आणि त्यात अनुभवी माणसंही अडकतात. समजा एसडॉटच्या फाइलमध्ये तुम्ही एक सामाईक हेडर घेतलं आणि त्यात एखादं छोटं इनलाइन फंक्शन किंवा टेम्पलेट आहे, अगदी स्टँडर्ड लायब्ररीतलं सुद्धा. तेच हेडर बाकीच्या फाइलींमध्येही आहे. कंपायलर प्रत्येक फाइलसाठी त्या फंक्शनची एक प्रत बनवतो, एसडॉटच्या फाइलमधली प्रत नव्या फ्लॅगखाली बनते. लिंकर या सगळ्या प्रती एकच समजतो आणि त्यातली कोणती तरी एक ठेवतो. नेमकी नव्या फ्लॅगची प्रत राहिली, तर जुन्या फोनवर अगदी दुसऱ्याच ठिकाणाहून त्या फंक्शनला हाक जाते आणि प्रोसेसर "हे इन्स्ट्रक्शन मला माहीत नाही" म्हणून हात वर करतो. तुमची तपासणी बरोबर होती, पॉइंटर बरोबर होता, तरीही क्रॅश. आणि फाइलींचा क्रम बदलला की तो गायबही होतो!

यावर उपाय म्हणजे त्या खास फाइलमध्ये शक्य तितकं कमी घ्यायचं. निऑनचं हेडर, साधे पूर्णांक प्रकार, बस. मदतीची फंक्शन्स लागलीच तर त्याच फाइलमध्ये स्टॅटिक म्हणून लिहा, म्हणजे त्यांची नावं फाइलबाहेर जात नाहीत. थोडा कोड दोनदा लिहावा लागेल, तो लिहा. इथे पुनरावृत्ती टाळण्याचा नियम पाळण्यापेक्षा मोडणं बरं.

पायरी ५: कोअर मोजा, पण सगळे सारखे समजू नका

आर्मने बिग.लिटल ही रचना २०११ मध्ये जाहीर केली, आणि तेव्हापासून फोनमधले "आठ कोअर" म्हणजे आठ सारखे कोअर हे समीकरण मोडलं. काही कोअर ताकदवान, काही काटकसरी. उपलब्ध प्रोसेसरांचा आकडा मिळवून चित्राचे आठ सारखे तुकडे केले आणि आठ थ्रेडना वाटले, तर काम संपण्याची वेळ सगळ्यात हळू कोअर ठरवतो. बाकीचे आपला वाटा उरकून त्याची वाट बघत बसतात.

त्यापेक्षा चित्राचे बरेच छोटे तुकडे करा आणि एका रांगेत ठेवा. जो थ्रेड मोकळा होईल त्याने पुढचा उचलावा. वेगवान कोअर आपोआप जास्त तुकडे उचलतो, तुम्हाला कोणता कोअर कोणता हे ठाऊक असायचीही गरज पडत नाही.

तरी बघायचंच असेल तर सिस फोल्डरमधल्या प्रत्येक सीपीयूच्या नोंदीत कमाल वारंवारता असते, आणि बऱ्याच फोनवर सीपीयू_कपॅसिटी नावाची फाइल असते. तिच्यात सगळ्यात ताकदवान कोअरला १०२४ धरून बाकीच्यांचा आकडा दिलेला असतो. नुसत्या वारंवारतेवरून तुलना फसवी ठरते. वेगवेगळ्या रचनेचे कोअर एकाच वारंवारतेवर वेगवेगळं काम करतात. या फाइली वाचता आल्या नाहीत तरी ॲप चाललं पाहिजे, हे गृहीत धरूनच कोड लिहा.

थ्रेडला ठरावीक कोअरवर बांधून ठेवणं टाळा. ॲप पार्श्वभूमीत गेलं की सिस्टिम त्याला बहुधा छोट्या कोअरवरच ठेवते, तुमचा हट्ट तिथे चालत नाही. गेम किंवा कॅमेऱ्यासारखं ठरावीक लयीत चालणारं काम असेल तर एपीआय ३१ पासून परफॉर्मन्स हिंट मॅनेजर आहे. एका फ्रेमसाठी किती वेळाचं उद्दिष्ट आहे आणि प्रत्यक्षात किती लागला एवढं त्याला सांगत राहायचं, कोअर आणि वारंवारतेचं सिस्टिम बघते.

पायरी ६: उष्णता आणि मेमरी

प्रोसेसरची क्षमता स्थिर असते, पण ती मिळेलच याची खात्री नसते. फोन तापला की वारंवारता खाली येते. एपीआय ३० पासून पॉवर मॅनेजरकडे थर्मल हेडरूम, म्हणजे फोन तापण्याच्या गंभीर पातळीच्या किती जवळ आहे ते, विचारता येतं. उत्तर १.० च्या जवळ जाऊ लागलं की गंभीर पातळी जवळ आली, म्हणजे त्याआधीच फ्रेमदर किंवा चित्राचा आकार कमी करायला घ्या. सेकंदाला एकापेक्षा जास्त वेळा विचारलं तर आकड्याऐवजी "आकडा नाही" असं मूल्य परत येऊ शकतं, ते हाताळा. एपीआय १९ पासून फोन कमी रॅमचा आहे का हेही एका हाकेत कळतं, आणि तसा असेल तर जड मॉडेल लोड करण्याआधी विचार करा.

मेमरी पानाचा (सिस्टिम मेमरी ज्या ठरावीक तुकड्यांत वाटते त्याचा) आकार ४०९६ बाइट असं कोडमध्ये कुठे लिहिलं असेल तर ते आजच काढा. अँड्रॉइड १५ पासून १६ केबी पानांचे फोन चालतात. आकार सिसकॉन्फ या फंक्शनला विचारायचा.

आयफोनवर

तिथे काम सोपं आहे, कारण चिपच्या जाती मोजक्याच, आणि आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, ३२-बिट ॲप चालतच नाहीत. सिसकंट्रोलबायनेम या फंक्शनला क्षमतेचं नाव दिलं की शून्य किंवा एक मिळतो. नाव सापडलं नाही तर ती क्षमता नाही असंच समजा. तापमानाची स्थिती प्रोसेसइन्फोमधून मिळते. बाकी चौथ्या पायरीतली फाइल, फ्लॅग आणि पॉइंटरची रचना जशीच्या तशी लागू पडते.

पायरी ७: जुना मार्गही चालवून बघा

तुमच्या टेबलावरचा फोन नवा असेल तर साधी आवृत्ती तुमच्याकडे कधी चालतच नाही, आणि ती बिघडली तर कळतही नाही. म्हणून डिबग बिल्डमध्ये एक स्विच ठेवा, जो चालू केला की सगळे क्षमता-बिट शून्य धरले जातात. दोन्ही आवृत्त्यांना तोच इनपुट द्या आणि उत्तरं ताडून बघा. पूर्णांकांच्या गणितात उत्तर शेवटच्या बिटापर्यंत जुळलंच पाहिजे. दशांशाच्या गणितात गुणाकार-बेरीज एकत्र करणारी इन्स्ट्रक्शन्स मधलं राउंडिंग गाळतात, त्यामुळे तिथे बारीक फरक येणारच. किती फरक चालेल ते आधी ठरवा. रांगेची लांबी १६ च्या पटीत नसेल तेव्हा शेवटचे उरलेले आकडे नीट हाताळले जातात का, हे खास तपासा. बहुतेक चुका त्या शेपटीतच असतात.

चौथ्या पायरीतला लिंकरचा सापळा मात्र हा स्विच पकडू शकत नाही, कारण प्रोसेसर नवाच राहतो. त्यासाठी क्यूईएमयू हा दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम घ्या, त्यात कॉर्टेक्स-ए५३ निवडून चाचणीचा प्रोग्राम चालवा. नको तिथे एसडॉट शिरलं असेल तर तो तिथेच पडेल. अँड्रॉइडच्या एक्स८६ इम्युलेटरवर हे होणार नाही, तिथे तुमचा आर्मचा कोड मुळात बांधलेलाच नसतो.

प्रकाशित केल्यावर क्रॅशच्या अहवालासोबत दोन्ही एचडब्ल्यूकॅप आकडे पाठवायची सोय करा. त्यांत कुणाची खासगी माहिती नसते. सिग्नल ४, म्हणजे सिगइल (प्रोसेसरला न कळलेलं इन्स्ट्रक्शन), दिसला तर अहवालातला प्रोग्राम काउंटरचा, म्हणजे ज्या इन्स्ट्रक्शनवर ॲप पडलं त्याचा, पत्ता घ्या, एनडीके-स्टॅक या साधनाने तो कोणत्या फंक्शनचा ते काढा आणि डिसअसेंब्ली (त्या फंक्शनच्या इन्स्ट्रक्शन्सची यादी) उघडा. पत्ता एसडॉटच्याच फंक्शनमध्ये असेल तर तपासणी चुकली आहे. एखाद्या अगदी साध्या, हेडरमधल्या फंक्शनमध्ये असेल तर लिंकरने चुकीची प्रत ठेवली आहे.